अलंकारार्थे अक्षता

लग्नाचा कुठलाही अल्बम उघडा आणि त्यात गुरुजींचा चेहरा शोधा. कोपर सापडेल. उपरण्याचं टोक सापडेल. लाह्यांच्या सुपाशेजारी एक हात दिसेल, मनगटावर घड्याळ, आणि घड्याळाचा काटा मुहूर्ताच्या बराच पुढे. चेहरा मात्र चौकटीबाहेर. दोन घराण्यांना अग्नीसमोर जोडून देणाऱ्या माणसाला फोटोवाला सकाळपासून एकच गोष्ट सांगत असतो, "गुरुजी, जरा मागे सरका."

एका परीने हे बरंच आहे. तो चेहरा फोटोत आला असता तर ओठांच्या कोपऱ्यात दाबून धरलेलं हसूही आलं असतं. मग वीस वर्षांनी त्या नवरा-बायकोंपैकी कुणीतरी विचारलंच असतं, हे नक्की कशाला हसतायत?

माझे काका डोंबिवलीत भिक्षुकी करायचे. रत्नागिरीकडे वडिलांच्या हाताखाली याज्ञिकी शिकले आणि ऐन उमेदीत मुंबईच्या दिशेने आले. शाळेला सुट्टी लागली की त्यांची पिशवी धरायला मी. पिशवीत ताम्हन, पळी-पंचपात्र, दर्भ, जानवी, कापूर, वातींचा डबा, सोलापूरचं दाते पंचांग आणि कापडी पुरचुंडीत सुपाऱ्या. माझी कामं दोन. मागितलेली वस्तू चटकन हातात द्यायची आणि हसायचं नाही. पहिलं लवकर जमलं. दुसऱ्यासाठी काकांनी मला एक युक्ती सांगून ठेवली होती : "हसू आलं की सुपाऱ्या मोजायच्या." ती त्यांची स्वतःची युक्ती होती हे पुढे कळलं. मान खाली घालून त्यांची बोटं पाटावरच्या सुपाऱ्यांवरून फिरायला लागली, की समजावं, यजमानांनी काहीतरी केलंय.

घरच्यांच्या दृष्टीने तो दिवस आयुष्यात एकदा उगवलेला असतो. काकांचं ते सकाळपासूनचं तिसरं काम असतं. या दोहोंच्या मधे जी फट राहते तिथेच सगळी गंमत घडते, आणि सगळी पंचाईतही.

यजमान तरी काय करणार? वर्षभर खुर्चीत बसलेला माणूस एक दिवस सोवळं नेसून पाटावर बसतो. मांडी घालता येत नाही, सोवळं सुटेल अशी धास्ती, आणि आजूबाजूला सगळं सासर बघत असलेलं. "माझ्यामागे म्हणा," काका सांगत. "माझ्यामागे म्हणा," यजमान भक्तिभावाने म्हणत. "उजव्या हाताने." "उजव्या हाताने." आचमनाला पहिल्या तीन नावांना पाणी प्यायचं आणि चौथ्याला ताम्हनात सोडायचं. चौथ्यालाही पिणारे पुष्कळ, आणि एक जण तर चारही वेळा पाणी डोळ्यांना लावून मोकळे झाले होते. मग संकल्प. "गोत्र?" यजमान बायकोकडे बघतात, बायको सासूबाईंना हाक मारते, सासूबाई आत शिऱ्याशी झुंजत असतात. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणायची सोय शास्त्राने करून ठेवली आहे. पण काका ते सुचवणार तेवढ्यात सोफ्यावरून एखादे मेहुणे ठणकावून सांगतात, "कन्या!" त्यांनी रास सांगितलेली असते. पाटावर सुपाऱ्यांची मोजणी सुरू.

त्या वयात मला प्रश्न पडायचा, एवढ्या चुका झाल्यावर ही पूजा देवाला पोचते कशी? पूजेतच त्याची तजवीज आहे हे हळूहळू उमगलं. देवाला सोळा उपचार करायचे. त्यात वस्त्र येतं, दागिने येतात. प्रत्येकाच्या घरी देवासाठी दागिने कुठून असणार? मग काका शांतपणे म्हणत, "अलंकारार्थे अक्षतान् समर्पयामि," आणि यजमान चिमूटभर तांदूळ वाहत. हार यायचा राहिला, अक्षता. अत्तर सापडेना, अक्षता. आणि शेवटी, सगळं झाल्यावर, मंत्र चुकले असतील, कृती चुकली असेल, भाव कमी पडला असेल, तर सांभाळून घे, अशी क्षमा मागायची. ही क्षमा चुकणाऱ्याने मागायची आणि न चुकणाऱ्याने मागायची नाही, असं नाही. ती छापील आहे. ज्याने कुणी ही पूजा रचली त्याने माणसं चांगली पारखली होती. मेहुण्यांची रासदेखील त्याने हिशेबात धरलेली होती.

गणेश चतुर्थीला काका पहाटे चारला बाहेर पडत. एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर घरांची यादी, स्कूटर, धोतरावरून रेनकोट. पहिल्या घरी यजमान अंघोळीला गेलेले. दुसऱ्या घरी मखराचे दिवे लागत नसतात आणि ते लागल्याशिवाय मुलगा बसू द्यायला तयार नसतो. तिसऱ्या घरी सगळं तयार, फक्त गणपती यायचाय. काका दारात उभे, दर पाच मिनिटांनी कुणीतरी "निघालेत" म्हणून सांगतं. सकाळी सहाला मोदक झालेले नसतात म्हणून सगळीकडे चहा, दुपारी एकला झालेले असतात म्हणून सगळीकडे मोदक. नाही म्हणावं तर घरच्या बाईचा चेहरा उतरतो. आणि इतकं पोटात गेल्यावर माणसाला जिथे जावंसं वाटतं तिथे गुरुजींना जायचं असेल, हा विचार या दिवशी कुणाच्याही मनाला शिवत नाही. सोवळ्यातल्या माणसाला शरीर नसतं, अशी आपली एक समजूत आहे. काकांची दोन घरं यासाठी ठरलेली होती. तिथली माणसं जुनी होती आणि न विचारता आतल्या दाराकडे बोट करायची. त्या दोन्ही घरांची दक्षिणा काकांनी कधी वाढवली नाही.

पुढे कॅसेटी आल्या. पूजा सांगणारी कॅसेट लावायची आणि तिच्यामागून करत जायचं, गुरुजींची वाट बघायला नको. कॅसेटीला एकच खोड, ती थांबत नाही. यजमान दूर्वांची जुडी सोडवतायत तोवर ती नैवेद्याला पोचलेली. एकदा एका घरून दुपारी बोलावणं आलं. काका गेले तर सगळे गंभीर. प्राणप्रतिष्ठेच्या मध्यावर कॅसेटीची एक बाजू संपली होती, उलटून लावताना फीत गुंतली, आणि आता ती कुठूनच लागत नव्हती. "गुरुजी," यजमान म्हणाले, "अर्धा गणपती झालाय. पुढचं कराल का?" काकांनी "अर्ध्या कामाची दक्षिणा अर्धी" वगैरे काही म्हटलं नाही. त्यांनी मला सुपाऱ्या काढायला सांगितलं. त्या पूजेला सुपारी फार लागणार नव्हती.

कॅसेटीचा सूड २०२० साली उगवला. त्या वर्षी २२ ऑगस्टला चतुर्थी होती आणि कुणीच कुणाकडे जाऊ शकत नव्हतं. पुस्तकांच्या चवडीवर मोबाइल टेकवून काका एकाच वेळी पाच घरांना पूजा सांगत होते, आणि पाचही घरं वेगवेगळ्या ठिकाणी मागे पडली होती. संध्याकाळी न्यू जर्सीतलं कुटुंब होतं, तिकडे तेव्हा सकाळ. संकल्पात आपण कुठे बसलो आहोत ते सांगावं लागतं. इकडे दंडकारण्य आणि गोदावरीचा दक्षिण तीर म्हटलं की भागतं. "तुमच्याकडे नदी कोणती?" काकांनी विचारलं. "हडसन." "तिच्या कुठल्या तीरावर?" यजमानीणबाईंनी हळदीच्या बोटांनी नकाशा उघडला. पश्चिम निघाला. काकांनी हडसनच्या पश्चिम तीराचा संस्कृतात उच्चार केला तेव्हा पडद्यावरचं ते कुटुंब एकदम ताठ बसलं. मग अथर्वशीर्ष झालं. ते संपल्यावर पलीकडचा आठवीतला मुलगा हात जोडूनच म्हणाला, "गुरुजीआजोबा, यू आर ऑन म्यूट." सगळं अथर्वशीर्ष ती माणसं काकांच्या ओठांकडे बघत बसली होती. मधेच कसं बोलायचं म्हणून कुणी बोललं नव्हतं.

लग्नाचं काम याहून अवघड, कारण तिथे गुरुजींच्या हातात काहीच राहिलेलं नाही. पूर्वी मुहूर्त ठरला की कार्यालय शोधायचे. आता फोन येतो, "गुरुजी, तेवीस तारखेचा हॉल मिळालाय, मुहूर्त बसवा." पंचांगात त्या दिवशी काहीच नसतं. मग काढीव मुहूर्त. त्यालाही मिनिटं असतात, बारा वाजून सव्वीस वगैरे, आणि ती पत्रिकेवर इतकी ठळक छापलेली असतात की जणू सव्वीसऐवजी सत्तावीस झालं तर वधूवर एकमेकांना ओळखणार नाहीत. जुन्या काळी वेळ मोजायला घटिकापात्र असायचं. तळाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटं. वाटी मेकअपसाठी थांबत नसे. आता बारा पंचवीस होतात आणि वरून निरोप येतो, केसांचं अजून चाललंय.

अशा वेळी मंगलाष्टकं ताणावी लागतात, आणि ताणायला आत्या असतात. प्रत्येक घरात एक आत्या किंवा मामी अशी असते जिने स्वतः मंगलाष्टक रचलेलं असतं. मूळ वृत्त शार्दूलविक्रीडित, ओळीत मोजून एकोणीस अक्षरं. आत्यांना एकोणीस अक्षरांत आजी, आजोबा, दोन्हीकडचे काका, शिवाय दुबईहून आलेले भाऊजी बसवायचे असतात. मग एक ओळ तीस अक्षरांची होते, तिला श्वास पुरत नाही, आणि श्वास संपतो तो नेमका भाऊजींच्या नावाच्या मध्यावर. लोक अर्ध्या भाऊजींवर अक्षता टाकून मोकळे होतात. काका माइकजवळ उभे, डोळे मिटलेले. लोकांना वाटतं ध्यान लागलंय. पुरचुंडी त्यांच्या हातात असते.

माइकचं एक निराळंच. कॉलरला चिमटीने लावायचे माइक नवीन आले तेव्हाची गोष्ट. कन्यादान चाललेलं, वधूची आई पदराने डोळे टिपतेय, सभागृहात शांतता, आणि स्पीकरमधून काकांचा खाजगी आवाज, "आटप रे, ठाण्याचं दीडचं आहे." ते शिष्याला सांगत होते. चारशे माणसांनी ऐकलं. वधूच्या आईने डोळ्यांवरून पदर काढला आणि त्या हसल्या, मग वधू हसली, आणि मग त्या रडण्यातला अडकलेला कढ जो सुटला तो चांगला पाच मिनिटं सुटत राहिला. त्या बाई नंतर काकांना म्हणाल्या, "बरं झालं बोललात, माझा श्वासच कोंडला होता." ठाण्याच्या लग्नाला मात्र काका उशिरा पोचले. तिथेही नवरीचे केस चालले होते.

हार घालताना आता नवरदेवाला मित्र खांद्यावर उचलतात. थोड्याच वेळात ज्याला विष्णुस्वरूप मानून मुलगी द्यायची तो विष्णू हवेत पाय झाडत असतो, आणि खाली गुरुजी हात वर करून "उतरवा, उतरवा" करत असतात. समर्थ रामदास 'सावधान' ऐकून बोहल्यावरून पळाले, अशी कथा आहे. काका म्हणायचे, त्यानंतर तो शब्द लाखो लग्नांत उच्चारला गेला, पण सावध झालेला माणूस तो एकच.

दक्षिणेची गोष्ट बोलायला नको वाटते म्हणूनच बोलायला हवी. "किती द्यायचे, गुरुजी?" "तुम्ही द्याल ते." इथे दोन्हीकडून खोटं बोललं जातंय हे दोघांना माहीत असतं. मुलीकडचे समजतात मुलाकडच्यांनी दिले, मुलाकडचे समजतात मुलीकडच्यांनी दिले, आणि गुरुजी पिशवी काखेला मारून व्याह्यांच्या भेटीत उगाच रेंगाळतात. पूजेतल्या विड्यांवर एकेक रुपया ठेवायचा असतो. घरात सुटे कधीच नसतात. मग काकाच आपल्या बटव्यातली नाणी यजमानांना उसनी देत, यजमान ती विड्यांवर ठेवत, आणि पूजा झाली की तीच नाणी दक्षिणा म्हणून काकांच्या ओंजळीत घालून नमस्कार करत. उसने परत करायचे कुणाला आठवत नसे. काही नाण्यांना काका चेहऱ्याने ओळखायचे.

घरी काकूंचा संसार या प्रसादावर चाले. कलशाखालचे, चौरंगावरचे तांदूळ रोज पिशवीतून यायचे, कुणाकडचा कोलम, कुणाकडचा बासमती, कुणाकडचा रेशनचा, सगळा हळदकुंकवाने रंगलेला. त्याचा भात कधी एकजीव शिजला नाही, अर्धा गाळ आणि अर्धा टणक. काकू आंबोळ्या घालायच्या. नारळ इतके की जिन्याखाली रास. आणि ब्लाउजपीस! ते कापड कुणाच्याच अंगाला पुरत नाही, सगळ्यांना ते माहीत आहे, म्हणून ते कुणी शिवत नाही, पुढे देतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकूंनी शेजारी दिलेला एक मोरपंखी खण भाद्रपदात काकांच्या पिशवीतून परत आला. मधे तो कल्याणपर्यंत जाऊन आला होता.

भटजीला हसण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे, आणि तिला सबळ कारणंही आहेत. जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये 'ब्राह्मणांचे कसब' लिहिलं ते गंमत म्हणून नव्हे. जन्मल्यापासून मरेपर्यंत गरीब कुणब्याच्या दारात दक्षिणेचं निमित्त काढून उभं राहणारा भट त्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिला होता. १८७३ साली सत्यशोधक समाज निघाला, भटाशिवाय लग्नं लागू लागली, आणि पुढे १८८७ मध्ये जोतीरावांनी पूजाविधी व मंगलाष्टकं स्वतः लिहून दिली. त्यांत वधूवर एकमेकांना वचन देतात. काका फुले वाचलेले होते. त्यावर त्यांचा वाद नसे. "दक्षिणा बघून मंत्र लांबवणारे मीही पाहिलेत," एवढंच म्हणायचे. बाहेरून येणारं ते हसू एका सत्तेला उद्देशून होतं आणि ते हवंच होतं. मी सांगतोय ते आतलं, काम करणाऱ्या माणसाचं. दोन्हींची गल्लत करून भाबडं व्हायला नको.

आणि आतही एक पायरी होतीच. लग्नमुंजी लावणाऱ्या गुरुजींना पाट मिळतो, अंत्यकर्म करणाऱ्या किरवंताकडे लोक वाट वाकडी करतात. प्रेमानंद गज्वींनी त्यावर नाटकच लिहिलं. काकांचे एक स्नेही ती कामं करायचे. शुभकार्याचं आमंत्रण त्यांना सहसा नसे. कुणी रस्त्यात भेटलं तर नमस्कार लांबूनच. तसा मजेदार माणूस मी नंतर पाहिला नाही. काकांकडे ते रात्री यायचे, आंबोळी खायचे आणि घाटावरच्या गोष्टी सांगायचे.

श्राद्धात तीन पिढ्यांची नावं लागतात. वडील, आजोबा, पणजोबा. आई, आजी, पणजी. पुरुषांची नावं कशीबशी निघतात. पणजीपाशी सगळे गप्प होतात. मोबाइल काढून गावी आत्याला फोन लागतो. आत्या म्हणते, आम्ही तिला माई म्हणायचो. माई हे काही नाव नाही. मग आठवतं की नाव लग्नात बदललेलं, आणि त्याआधीचं तर कुणीच कधी विचारलेलं नाही. काकांचे ते स्नेही म्हणायचे, त्या शांततेत मला नेहमी हसू येतं आणि ते हसू चांगलं नसतं. चौदा जणांचं कुटुंब, सगळे शिकलेले, आणि जिच्या पोटातून सगळे आले तिचं नाव त्र्यंबकेश्वरच्या कुठल्यातरी उपाध्यायांच्या नामावळीत, बाडात बांधलेलं. त्यांनी स्वतः एक वही केली होती. त्यांच्याकडच्या सगळ्या घरांच्या पणज्या त्यात होत्या.

दहाव्याच्या कावळ्याची गोष्ट त्यांच्याच तोंडची. पिंड ठेवला, कावळा काही शिवेना. झाडावर बसून बघतोय. शेजारच्या कुटुंबाच्या पिंडाला तीन-तीन लागलेत, यांच्याकडे एक नाही. मग नेहमीप्रमाणे आश्वासनं. थोरला हात जोडून म्हणाला, "बाबा, धाकटीचं शिक्षण मी करीन." कावळा हलला नाही. धाकट्याने घर विकणार नाही म्हणून सांगितलं. मुलगी म्हणाली, आईला मी नेते. सुनेने काहीतरी पुटपुटलं ते ऐकू आलं नाही. ऊन चढलं. गुरुजी दर्भाचा कावळा करायच्या बेतात होते, तशीही सोय असते. तेवढ्यात म्हातारीबाई, ज्या हट्टाने घाटावर आल्या होत्या आणि सकाळपासून एक शब्द बोलल्या नव्हत्या, त्या पुढे झाल्या आणि रोज घरात बोलत असतील त्या आवाजात म्हणाल्या, "अहो, पेन्शनचे कागद सापडले हो. गादीखाली होते. लॉकरची किल्लीपण."

कावळा तत्काळ उतरला.

पहिल्यांदा हसल्या त्या बाईच. तोंडाला पदर लावून, खांदे गदगदून. मग मुलगे, मग मुलगी, मग शेजारच्या पिंडाजवळचे परके लोक. रडतही होते. हसण्यातून रडणं वेगळं काढता येत नव्हतं. "आणि तुम्ही?" मी विचारलं. "मी खाली वाकलो," गुरुजी म्हणाले, "पडलेला दर्भ उचलायला. फार वेळ शोधत होतो. दर्भ माझ्या हातातच होता."

वसईत माझ्या ओळखीचे एक फादर आहेत. त्यांना ही गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले, आमच्या जुन्या धर्मगुरूंना वाकावं लागत नसे. पूर्वी मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची आणि फादर वेदीकडे तोंड करून उभे राहायचे, लोकांकडे पाठ. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ या काळात झाली, त्यानंतर मिस्सा मराठीत आली आणि फादर लोकांकडे वळले. धर्मदृष्ट्या फार चांगलं झालं, ते म्हणाले, पण हसायची हक्काची जागा गेली. आता पहिल्या बाकावर पेंगणारे आजोबा, त्यांच्या मांडीवरून सुटलेलं नातवंड, आणि गायकवृंदातला तो एक आवाज जो दर रविवारी अर्धा सूर वर लागतो, हे सगळं समोर दिसत असतं आणि हात मात्र आशीर्वादासाठी पसरलेले. उरली ती पापनिवेदनाची खोपटी, तिथे मधे जाळी आहे. एकदा लहान मुलांचं पहिलं पापनिवेदन चाललं होतं. एक मुलगा कागदावरून भराभर पापं वाचत होता. मधेच थांबला, कागद उलटासुलटा केला आणि म्हणाला, "फादर, ही पापं माझी नाहीत. माझा कागद घरी राहिला." फादरनी त्याला त्या पापांचीही क्षमा दिली का, हे त्यांनी सांगितलं नाही. गुप्तता पाळावी लागते म्हणाले.

काका आता थकले. त्यांची यादी, पिशवी आणि बरीचशी घरं माझ्या चुलत बहिणीकडे आली आहेत. पुण्यात शंकर सेवा समितीत आणि ज्ञानप्रबोधिनीत बायकांना पौरोहित्य शिकवू लागले त्याला काही दशकं लोटली, ताईही तिथेच कुठेतरी घडली. तिचे उच्चार काकांपेक्षा स्वच्छ आहेत, हे काका स्वतः सांगतात. पंचाइती मात्र तिच्या स्वतःच्या आहेत. नऊवारी नेसून, पिशवी घेऊन ती कार्यालयाच्या दारात उभी राहिली, की रखवालदार हमखास विचारतो, "वऱ्हाडातल्या का? स्वयंपाकाची माणसं मागच्या दाराने." एकदा तिने तिथून फोन केला तर नवरीचे वडील म्हणाले, "तुम्ही बसा हो निवांत, गुरुजी आले की नाष्टा एकत्रच देतो."

मागच्या मार्गशीर्षात तिने एक लग्न लावलं. सप्तपदीचा अर्थ मराठीत सांगितला, दोघांना समजून उमजून एकेक पाऊल टाकायला लावलं, मिनिटभरही इकडेतिकडे न होता सगळं पार पडलं. नवरीचे आजोबा पहिल्या खुर्चीत बसून अथपासून इतिपर्यंत मन लावून ऐकत होते. शेवटी काठी टेकत ते तिच्यापाशी आले, कोटाच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं आणि म्हणाले, "सुरेख झालं हो सगळं. आता गुरुजी कधी यायचेत?"

"मीच ती, आजोबा."

"हो हो, तुम्ही छानच केलंत," आजोबा म्हणाले, "पण ते आले की त्यांच्याच हातात देतो," आणि पाकीट परत आत ठेवलं. ते बाहेर काढायला ताईला शेवटी आत्यांना मधे घालावं लागलं, आणि आत्यांनी त्या बदल्यात तिच्याकडून आपल्या मंगलाष्टकाला दुसऱ्यांदा दाद वसूल केली.